वादळाची वर्दी

नागपूरच्या माणसाला समुद्राचें भय नसतें. याचें कारण त्याचें धैर्य नव्हे. अंतर हें आहे. मुंबईचा किनारा येथून सरळ रेषेनें मोजला तरी सातशें किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि बंगालच्या उपसागराचा जवळांत जवळचा कांठहि पांचशें किलोमीटरांच्या पलीकडेच राहतो. ज्या शहरांत शून्य मैलाचा दगड उभा आहे, त्या शहरानें समुद्राच्या गोष्टी पुस्तकांत वाचाव्या आणि पुस्तक मिटून ठेवावें, असाच सर्वसाधारण समज आहे. येथील गृहस्थ ‘वादळ’ म्हणतो तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती वैशाखांतल्या संध्याकाळची धुळीची वावटळ. दोन खिडक्या आपटतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करतांना घरांतल्या बायकांची धांवपळ होते, चार थेंब पडतात, आणि रात्रीं पुन्हां उकाडा तो उकाडाच.

परंतु २०२० सालीं, नवतपा नुकताच सरला असतां, ४ जूनच्या पहाटे पश्चिम विदर्भाच्या आकाशांत एक परका पाहुणा येऊन उतरला. हवामान खात्याच्या नकाशावर तो एक तीव्र कमी दाबाचें क्षेत्र म्हणून दाखविलेला होता. येथून ईशान्येकडे सरकतां सरकतां तो विरून गेला. विदर्भांत आला तेव्हां तो दमलेला होता. पण आदल्या दिवशीं दुपारींच त्यानें अलिबागच्या दक्षिणेस कोंकणच्या भूमीवर पाऊल ठेवलें होतें, आणि मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीं आडव्या केल्या होत्या. या वादळाचें नांव ‘निसर्ग’. समुद्रावरचें वादळ ओळखावें कसें, त्याच्या मागावर राहावें कसें, आणि तें दाराशीं येण्यापूर्वीं काय करावें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्याच्या अल्प आयुष्याच्या हकीकतींत सांपडतात.

वादळ जन्मतें तें पाण्याच्या उबेंतून. समुद्राच्या पृष्ठभागाचें उष्णतामान सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर चढलें आणि तें कांहीं काळ तसेंच टिकलें, म्हणजे पाण्याची अपरंपार वाफ वर जाऊं लागते. उंचावर ती थंड होऊन तिचे ढग होतात, आणि ढग होतांना तिच्या पोटांतली उष्णता बाहेर पडते. या उष्णतेनें वरची हवा आणखी हलकी होते, खालीं हवेचा दाब उतरतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं चोहोंकडून वारे धांवत येतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें हे वारे सरळ मध्याकडे जात नाहींत; ते वळसा घेतात. उत्तर गोलार्धांत हा वळसा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट असतो. देवळांत जी प्रदक्षिणा घालतात, तिच्या नेमका उलट. रवीभोंवतीं ताक फिरावें तसे शेंकडों किलोमीटरांचे ढग एका मध्याभोंवतीं फिरूं लागतात. वादळ चांगलें बळावलें कीं मध्यभागीं एक शांत जागा उरते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. हेंच वादळ जमिनीवर आलें कीं वाफेचा पुरवठा तुटतो. चुलींतलीं लांकडें ओढून घेतलीं कीं आधण हळूहळू निवतें, तसें तें निवूं लागतें. विदर्भाच्या वाट्याला आलें तें हें निवत चाललेलें वादळ होतें.

वाऱ्याच्या वेगावरून वादळाच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. ताशीं ६२ किलोमीटर वेग झाला कीं त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि तेथेंच त्याचें बारसें होतें. ८९ च्या पुढें तें तीव्र, ११८ च्या पुढें अतितीव्र, आणि २२२ च्या पुढें गेलें तर महाचक्रीवादळ. बारशाची रीतहि पाहण्यासारखी आहे. उत्तर हिंदी महासागराच्या परिसरांतलीं तेरा राष्ट्रें प्रत्येकीं तेरा नांवें देतात, आणि त्या १६९ नांवांच्या यादींतून दिल्लीचें केंद्र क्रमानें एकेक नांव उचलतें. ही यादी एप्रिल २०२० मध्यें प्रसिद्ध झाली. ‘निसर्ग’ हें तिच्यांतलें अगदीं पहिलें नांव, बांगला देशानें सुचविलेलें. नांव देण्यांत कौतुकाचा भाग नाहीं. अक्षांश-रेखांश कोळ्याच्या बायकोच्या ध्यानांत राहत नाहींत; नांव राहतें. वर्दी तोंडोंतोंडीं जावयाची असेल, तर तिला तोंडांत बसेल असें नांव पाहिजे.

आतां ही वर्दी देण्याची विद्या आली कोठून, हें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळीं आपल्या देशांत जन्मला. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थानें जहाजांच्या रोजनिशा जमवून वादळांचा अभ्यास केला, आणि १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून हें नांव रूढ केलें. पुढें सरकारनें मातला नदीच्या कांठीं कॅनिंग नांवाचें नवें बंदर बांधण्याचें मनांत आणलें. १८५३ सालीं पिडिंग्टननें गव्हर्नर-जनरलला लिहून कळविलें कीं, ही जागा धोक्याची आहे. एखाद्या दिवशीं वादळाच्या लाटेखालीं हें बंदर बुडून जाईल. त्याचें कोणी ऐकलें नाहीं. बंदर बांधलें गेलें. १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळ आलें, समुद्राचें पाणी आंत शिरलें आणि बंदर उद्ध्वस्त झालें. पिडिंग्टन तोंवर हयात नव्हता. त्याची वर्दी अचूक होती आणि चौदा वर्षें आधीं दिलेली होती. परंतु ती कागदावर राहिली. वादळाच्या इतिहासांतला हा पहिला धडा, आणि तो पुढें वारंवार गिरवावा लागला.

याच्या मधल्या काळांत, १८६४ च्या ऑक्टोबरांत, खुद्द कलकत्त्यावर वादळ कोसळून हजारों माणसें मेलीं. तेव्हां सरकारचे डोळे उघडले. बंदरांना सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. तेव्हांपासून मराठी माणसाच्या तोंडीं ‘पुण्याची वेधशाळा’ हे शब्द बसले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळेवरचे विनोदहि. वेधशाळेनें पाऊस सांगितला कीं छत्री घरींच ठेवून निघावें, हा विनोद ज्यानें ऐकला नाहीं असा मराठी माणूस विरळा. मुख्य ठाणें पुढें दिल्लीस गेलें तरी विनोद महाराष्ट्रांतच राहिला.

पूर्वींच्या काळीं वादळाचा माग काढण्याचें साधन म्हणजे भर समुद्रांतलें जहाज. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. उत्तर गोलार्धांत वादळाचा मध्य साधारणपणें डाव्या हाताला असतो, हा खलाशांचा जुना ठोकताळा. वायुभारमापकाचा पारा उतरूं लागला कीं कप्तान समजत असे. परंतु तो जें समजला तें किनाऱ्याला कळविणार कसें? तारायंत्र व बिनतारी संदेश आल्यावर ही अडचण सरली. उपग्रह आल्यावर तर भर समुद्रांत कोणी माणूस नसला तरी आकाशांतला डोळा रात्रंदिवस ढगांच्या वेटोळ्यावर खिळून राहूं लागला. वादळ किनाऱ्याच्या टप्प्यांत आलें कीं मुंबई, गोवा अशा ठिकाणचीं रडारें त्याच्या पोटांतला पाऊस व वारा मोजतात. असेंच एक रडार नागपुरांतहि आहे. येथील प्रादेशिक हवामान केंद्र समुद्रापासून दूर असलें तरी समुद्रावरून येणाऱ्या ढगांची हजेरी घेणें, हा त्याच्या नित्याच्या कामाचा भाग आहे.

हें सर्व ज्ञान लोकांपर्यंत पोंचावें म्हणून त्याच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत. वादळाचा प्रभाव जाणवण्याच्या बहात्तर तास आधीं सरकारी अधिकाऱ्यांना पहिली सूचना जाते. अठ्ठेचाळीस तास आधीं दुसरी. चोवीस तास आधीं तिसरी, तींत वादळ कोठें व केव्हां जमिनीवर येईल याचा अंदाज असतो. आणि बारा तास आधीं चौथी, तींत आंतल्या जिल्ह्यांवर काय परिणाम होईल तें सांगितलेलें असतें. बंदरावरची भाषा मात्र याहून जुनी आहे. तेथें खांबावर खुणा चढतात. त्यांचे क्रमांक एक ते अकरा. दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकृत्या, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे. कोंकणांतला कोळी त्याला ‘बावटा’ म्हणतो. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असें म्हटलें कीं अक्षरशून्य तांडेलालाहि पुढचें समजतें. आठ, नऊ व दहा हे महासंकटाचे बावटे. अकरावा सर्वांत भयंकर. त्याचा अर्थ, सूचना देणाऱ्या केंद्राशींच संबंध तुटला आहे, आतां आपल्या बुद्धीनें वागावें.

या पार्श्वभूमीवर निसर्गाची चाल पाहावी. मेच्या अखेरीस लक्षद्वीपच्या आसपास अरबी समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र तयार झालें. रोहिणी नक्षत्र चालू होतें. समुद्र उन्हाळाभर तापलेला होता. १ जूनला सकाळीं तें बळावलें. त्या वेळीं तें मुंबईच्या दक्षिणेस सुमारें सातशें किलोमीटरांवर होतें. प्रथम तें उत्तरेकडे चाललें. मग तें ईशान्येस वळून कोंकणच्या किनाऱ्यावर येईल असा अंदाज खात्यानें जाहीर केला होता, आणि तें खरोखरच तसें वळलें. २ जूनला दुपारीं वेग ठरलेल्या रेषेवर गेला आणि त्याला नांव मिळालें. ३ जूनच्या पहाटे तें तीव्र चक्रीवादळ झालें होतें.

जमिनीवर या वेळीं दुसरेंच एक संकट चालू होतें. करोनाच्या साथीमुळें लोकांना घरांत राहण्याची सक्त ताकीद होती, आणि आतां त्याच लोकांना घरें सोडून शाळांत व समाजमंदिरांत एकत्र या, असें सांगावें लागत होतें. मुंबईंत मोकळ्या मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयांतले रुग्ण आधींच हलवावे लागले. समुद्रांतल्या होड्यांना माघारीं बोलावण्यांत आलें. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या तुकड्या किनाऱ्यावरच्या गांवोगांवीं जाऊन कच्च्या घरांतल्या माणसांना बाहेर काढूं लागल्या. महाराष्ट्र व गुजराथ मिळून जवळजवळ एक लाख माणसें सुरक्षित जागीं नेण्यांत आलीं. म्हातारीं माणसें घर सोडावयाला राजी नसत. गोठ्यांतल्या म्हशीचें काय, देवांचें काय, असे प्रश्न निघत. असे प्रश्न विचारणाऱ्यांना हंसण्याचें कारण नाहीं. ज्याचें सारें जग चार भिंतींत आहे, त्याला भिंती सोड म्हणणें म्हणजे जग सोड म्हणणें आहे.

३ तारखेस दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आंत आलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, आणि झोत १३० पर्यंत जात होते. पत्रे कागदासारखे उडाले. कौलें गेलीं. विजेचे खांब वांकले, तारा तुटल्या, दूरध्वनीचे मनोरे गप्प झाले. पोफळीचें झाड उंच व सडपातळ. माड त्याच्याहून चिवट, पण तोहि कमरेंत मोडला. दापोली-मंडणगडच्या बाजूला आंब्या-काजूच्या बागा मुळासकट उखडल्या. एवढा सगळा नाश झाला. तरी मेलेल्या माणसांची संख्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. माणसें वाचलीं, कारण वादळ आलें तेव्हां तीं वाऱ्याच्या वाटेंत नव्हतीं.

मुंबईवरचें संकट मात्र टळलें, आणि लगेच कांहींनीं म्हटलें, ‘पाहा, एवढा गवगवा केला आणि झालें कांहींच नाहीं.’ या वाक्यांत जेवढी सुटकेची भावना आहे, तेवढेंच अज्ञान आहे. अलिबाग व मुंबईचें दक्षिण टोंक यांतलें सरळ अंतर तीस-पस्तीस किलोमीटरांहून फारसें अधिक नाहीं. वादळाचा मध्य चोवीस तास आधीं वर्तवितांना जी चूक होते, ती अलीकडच्या काळांत पुष्कळच कमी होऊन सरासरीनें शंभर किलोमीटरांच्या आंत आली आहे. हें मोठेंच यश आहे. परंतु तेवढ्या अंतरांत मुंबई व अलिबाग या दोन्ही गांवांचा समावेश होतो. शिवाय पुढें सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूस वाऱ्याचा जोर अधिक असतो, कारण तेथें वादळाची स्वतःची गतिहि वाऱ्यांत मिळते. निसर्ग ईशान्येकडे चाललें होतें. त्याच्या उजव्या हाताला मुरुड-श्रीवर्धन आलें, डाव्या हाताला मुंबई. थोडा अधिक वळसा उत्तरेकडे पडता, तर हा उजवा हात मुंबईवर पडला असता. तेव्हां मुंबईकरानें केलेली तयारी वायां गेली असें म्हणणें म्हणजे, घराला आग लागली नाहीं म्हणून विहिरीला दोष देण्यासारखें आहे.

वर्दी खरी असली पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. खोट्या वर्दीचें उदाहरणहि मुंबईनेंच पुरविलें आहे. १८८२ सालीं मुंबईंत वादळानें एक लाख माणसें बुडविलीं, अशी एक कथा एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आली. संशोधकांनीं जुनीं कागदपत्रें तपासलीं, तेव्हां असें वादळ मुळीं झालेंच नव्हतें, असें त्यांना दिसून आलें. मुंबईला खरोखर तडाखा देणारें वादळ आलें तें १९४८ च्या नोव्हेंबरांत. त्याच वर्षीं १६ जुलैला नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें होतें. वादळ खोटें सांगूं नये आणि खरें वादळ सौम्य करूनहि सांगूं नये. सूचना देणाऱ्याचा धर्म एवढाच.

परंतु सांगणाऱ्याचा धर्म पाळला गेला तरी ऐकणाऱ्याचा उरतोच. याविषयीं ओरिसाचें, म्हणजे आजच्या ओडिशाचें, उदाहरण सर्वांत बोलकें आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलें. त्याच्या येण्याची कल्पना आधीं होती. तरी सुमारें दहा हजार माणसें मेलीं. जावयाचें कोठें हें त्यांना माहीत नव्हतें, आणि जावयाला पक्कें छप्परहि नव्हतें. त्यानंतर त्या राज्यानें आपत्तीसाठीं स्वतंत्र संस्था उभारली, किनाऱ्यावर खांबांवर उंच उभे असे निवारे बांधले, गांवोगांवच्या तरुणांना शिकविलें, आणि वर्षानुवर्षें रंगीत तालमी घेतल्या. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आलें, तेव्हां दहा लाखांच्या आसपास माणसें आधींच हलविलेलीं होतीं. ३ मे २०१९ रोजीं ‘फनी’ आलें, तेव्हां बारा लाखांच्या आसपास. दोन्ही वेळां त्या राज्यांतली मनुष्यहानि शंभराच्या आंत राहिली. समुद्र तोच, किनारा तोच, गरीबीहि पुष्कळशी तीच. फरक पडला तो सांगितलेलें ऐकणाऱ्या आणि ऐकलेलें करणाऱ्या माणसांमुळें.

याच्या उलट उदाहरणें महाराष्ट्राच्या किनाऱ्यानेंहि पाहिलीं आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ आलें, तेव्हां मासेमारीचा हंगाम भरांत होता आणि होड्या खोल समुद्रांत होत्या. कोंकणांतले कित्येक कोळी परत आले नाहींत. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ वादळ कोंकणाच्या कडेकडेनें गुजराथेकडे चाललें असतां, मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रांत कामगारांच्या वस्तीसाठीं नांगरलेली एक तराफेवजा नौका बुडाली. तिच्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें खवळलेल्या समुद्रांतून पुष्कळांना काढलें, तरी सत्तरांहून अधिक बुडालीं. इशारे कांहीं दिवस आधींपासून निघत होते. इशाऱ्याचा कागद आणि नांगर उचलणारा हात यांच्यामधलें अंतर कित्येक वेळां समुद्राहून मोठें असतें.

तें अंतर कमी करण्याचे उपाय साधे आहेत. किनाऱ्यावरच्या गृहस्थानें पावसाळ्यापूर्वीं व दिवाळीच्या सुमारास, म्हणजे वादळाच्या दोन्ही हंगामांपूर्वीं, घराचीं कौलें व वासे तपासावे. घरावर लवलेल्या सुक्या फांद्या छाटाव्या. वर्दी आली कीं पिण्याचें पाणी भरून झांकून ठेवावें. कंदील, काडेपेटी, विजेरी, तिचे मसाले आणि मसाल्यांवर चालणारा रेडिओ एका जागीं ठेवावा. वीज जाते तेव्हां खिशांतला दूरध्वनि दुसऱ्या दिवशीं मुका होतो, रेडिओ होत नाहीं. चुरमुरे, फुटाणे, गूळ असें न शिजवतां खातां येईल तें जवळ असावें. जमिनीचे कागद, शिधापत्रिका, रोजच्या औषधांच्या पुड्या मेणकापडांत बांधाव्या. अंगणांतलें जें जें सुटें आहे तें आंत घ्यावें. वादळांत सुटा पत्रा तलवारीसारखा फिरतो. गुरांचीं दावीं सोडावीं. बांधलेलें जनावर पाण्यांत उभ्या जागीं मरतें, सुटलेलें आपली वाट काढतें. घरांत कोणी बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेलें माणूस असेल, तर त्याला शेवटच्या घटकेस नव्हे, पहिल्या सूचनेसच हलवावें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांचा घात करते. वारा एकाएकीं थांबतो, आकाश उजळतें, पांखरें बोलूं लागतात. माणसें बाहेर येऊन पडलेलीं कौलें उचलूं लागतात. हा वादळाचा अंत नव्हे; हा वादळाचा डोळा असूं शकतो. थोड्या वेळानें उलट दिशेनें तितकाच वारा सुटतो, आणि पहिल्या झटक्यांत खिळखिळें झालेलें घर दुसऱ्या झटक्यांत कोसळतें. म्हणून वादळ सरल्याची खबर अधिकाऱ्यांकडून वा रेडिओवरून मिळेपर्यंत दाराची कडी काढूं नये. सर्व शांत झाल्यावरहि तुटलेल्या तारेला हात लावूं नये, आणि विहिरींत खारें किंवा घाण पाणी शिरलें असेल तर तें शुद्ध केल्यावांचून पिऊं नये.

किनाऱ्यावरचीं दुःखें वादळ गेल्यावर संपत नाहींत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नांवाजलेली. परंतु पोफळ लावल्यावर तिला फळ धरावयाला पांच-सात वर्षें लागतात, आणि माडाला त्याहूनहि अधिक लागूं शकतात. ज्या म्हाताऱ्या बागाइतदारानें निसर्गानंतर नवें रोप लावलें, त्यानें तें नातवासाठीं लावलें. वर्तमानपत्रांतून वादळाची बातमी आठ दिवसांत उतरते. बागेंतून तें उतरावयाला एक पिढी जाते. अंधारांत काढलेल्या रात्री, उघड्या घरावर पडलेला पहिला पाऊस, आणि पंचनाम्याची वाट पाहणें, यांची गणना वाऱ्याच्या वेगांत होत नाहीं. अरबी समुद्र पूर्वींपेक्षां अधिक तापत आहे आणि त्यावरचीं वादळें अधिक बळावत आहेत, असें पुण्याच्या शास्त्रज्ञांचें संशोधन सांगतें. तेव्हां कोंकणाला ही परीक्षा पुन्हां द्यावी लागणार, हें धरून चाललेलें बरें.

आणि नागपूर? समुद्र दूर आहे, पण पाणी दूर नाहीं. ३० जुलै १९९१ रोजीं याच जिल्ह्यांतल्या मोवाड गांवावर वर्धा नदीचा पूर चालून आला आणि दोनशेंहून अधिक माणसें घेऊन गेला. तेथें ना बावटा होता, ना चार पायऱ्यांची सूचना. २३ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं शहरावर कांहीं तासांत इतका पाऊस कोसळला कीं, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीनें कांठ सोडला, आणि सुखवस्तु वस्त्यांतल्या माणसांना आपल्याच दिवाणखान्यांतून होडीनें बाहेर काढावें लागलें. त्या रात्रीपूर्वीं त्यांच्यापैकीं कोणाला विचारलें असतें, तर ‘आमचा आणि पुराचा काय संबंध’ असेंच उत्तर आलें असतें. पिडिंग्टनच्या पत्राला जें उत्तर मिळालें, त्याच जातीचें हें उत्तर आहे.

दुसऱ्या बाजूनें पाहिलें, तर संकटाला तोंड देण्याची विद्या शिकविण्याचा मान फार पूर्वींच नागपूरकडे आलेला आहे. आपत्तींत सांपडलेल्यांना साहाय्य कसें करावें, याचें शिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ सालीं या शहरांत स्थापन झाली. १९६८ पासून ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊं लागली. पुढें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची प्रबोधिनीहि नागपुरांतच निघाली. समुद्राचें तोंड न पाहिलेल्या शहरांत, समुद्रानें बुडविलेल्यांना वांचविणारीं माणसें तयार व्हावीं, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्या शहरांत हें शिक्षण देशाला मिळतें, त्या शहरांतल्या घरोघरीं त्याचा थोडा तरी अंश उतरला पाहिजे. आपल्या घराची जमीन किती सखल, जवळचा नाला कोठें तुंबतो, रात्रीं पाणी शिरलें तर म्हाताऱ्यांना घेऊन कोणाच्या माडीवर जावयाचें, शेजारच्या एकट्या आजीबाईंना हांक कोण मारणार, एवढे चार प्रश्न उन्हाळ्यांतल्या एखाद्या संध्याकाळीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून सोडविले, तरी पुष्कळ झालें.

वादळाची वर्दी ही एक सांखळी आहे. तिचें एक टोंक आकाशांतल्या उपग्रहाच्या हातीं, दुसरें एखाद्या झोपडीच्या दाराशीं. मधल्या कड्या पुष्कळ: नकाशा वाचणारा शास्त्रज्ञ, रात्रपाळीचा तारबाबू, तहसील कचेरींतला कारकून, बावटा चढविणारा शिपाई, हलगी वाजवीत फिरणारा कोतवाल. दीडशें वर्षांच्या खटपटीनें पहिलें टोंक पुष्कळ बळकट झालें आहे. दुसरें टोंक मात्र कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. रेडिओवरून सूचना ऐकल्यावर जो उठतो, अंगणांतला पत्रा आंत घेतो, म्हशीचें दावें सोडतो आणि वाटेंत शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून जातो, तोच या सांखळीची शेवटची कडी. ती अखंड राहिली तर वादळ येतें आणि जातें. माणसें उरतात, आणि उरलेलीं माणसें पुन्हां पोफळी लावतात.